ग्रीनहाऊस गार करताना

बायको बहिणीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा तिने दारात उभं राहून मला दोनच गोष्टी सांगितल्या. "रोपांना सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. आणि बाकी काही करू नका." यातली पहिली मी नीट ऐकली.

रोपं ढोबळी मिरचीची होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत, ट्रेमध्ये, बोटाच्या पेराएवढी. दर वर्षी ती बी पेरायची आणि दर वर्षी काही ना काही होऊन ते वाया जायचं. एकदा गोगलगायी, एकदा बुरशी, एकदा मी. (ट्रेवर इस्त्रीचे कपडे ठेवले होते.) या खेपेला पहिल्यांदाच रोपं तरारली होती, आणि ती त्यांच्याशी माझ्याशी बोलते त्यापेक्षा मऊ आवाजात बोलायची.

शहाण्या माणसाने पाणी घातलं असतं आणि उरलेल्या वेळात पेपर वाचला असता. मला मात्र वाटलं, ही परत येईल तेव्हा परसात एक छानसं ग्रीनहाऊस असावं आणि त्यात रोपं ओळीने डुलत असावीत. म्हणून मी ते मागवलं.

खोक्यात पाइप निघाले, सांधे निघाले, पारदर्शक प्लास्टिक निघालं आणि एक कागद निघाला. त्यावर एक हसरा माणूस एकट्याने सगळं उभं करतोय अशी चित्रं होती. शब्द एकही नव्हता. माझ्या मदतीला सासरे होते. ते आमच्याकडेच राहतात. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. उभं आयुष्य जमिनीची मोजणी करण्यात गेल्यामुळे जग जरा तिरकं आहे अशी त्यांची कायमची तक्रार असते.

"हा पाइप सरळ नाही," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तो कमानीचा आहे."

"कमानसुद्धा सरळ असावी लागते."

रविवार त्यातच गेला. संध्याकाळी सांगाडा उभा राहिला, वर प्लास्टिक चढलं, आणि मग लक्षात आलं की चेनचं दार कंपाउंडच्या भिंतीकडे झालंय. आत शिरायचं तर भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून. (अप्पा सहज गेले. मला त्यांनी ओढून घेतलं.) सगळं उलगडून पुन्हा लावायची ताकद दोघांतही उरली नव्हती. मग आम्ही आतच दोन बाजूंना उभे राहिलो, अख्खं ग्रीनहाऊस कमरेपर्यंत उचललं आणि ते फिरवत परसभर चालू लागलो. शेजारच्या काकू वाळलेले कपडे काढत होत्या. प्लास्टिकमधून आम्ही त्यांना स्पष्ट दिसत होतो.

"कुठे निघालात?" त्यांनी विचारलं.

"इथेच," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी रोपं आत मांडून मी ऑफिसला गेलो. दुपार व्हायच्या आत अप्पांचा फोन आला. आत भट्टी झाली होती. किती गरम आहे हे बघायला त्यांनी घरातला तापाचा थर्मामीटर आत नेऊन ठेवला होता.

"ताप किती आहे?" मी विचारलं. "टोकाला? बापरे. पाणी पाजलं का? मान अजिबात उचलत नाही? बरं, अंगावर ओली चादर टाका."

फोन ठेवला तर पाठीशी साहेब उभे होते. आमचे साहेब स्वभावाने हळवे आहेत, कामाच्या बाबतीत सोडून.

"घरी कोण असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सासरे असतात."

"कधीपासून झालं असं?"

"आजच. परसात ठेवलं तेव्हापासून."

"परसात ठेवलं?"

"तसं घरात बरं होतं, साहेब. पण मला वाटलं, बाहेर मोकळ्यावर चांगली वाढ होईल."

साहेबांनी माझ्यासमोरची फाइल मिटली. "तुम्ही आधी घरी जा," ते म्हणाले. मला त्यांचा आवाज जरा कडक वाटला, पण सुट्टी मिळतेय म्हटल्यावर मी खोलात गेलो नाही.

पुढचे दिवस मी उन्हाशी भांडण्यात घालवले. प्लास्टिकला बाहेरून चुना फासला. तो प्लास्टिकपेक्षा माझ्या अंगाला जास्त चिकटला. छपरात गरम हवेला वाट करून दिली. बाजूंना ओली पोती टांगली. टेबलफॅन लावला, तर तो गरम हवा इकडची तिकडे आणि तिकडची इकडे करू लागला, आमच्या ऑफिसात फाइल फिरते तशी. रोपं दुपारी मान टाकायची, संध्याकाळी जेमतेम उचलायची. कडेची काही गेलीच. ती उपटताना मला खरोखर वाईट वाटलं. तिने किती जपली होती ती. संध्याकाळी फोनवर तिने विचारलं, "रोपं कशी आहेत?" मी म्हणालो, "मजेत," आणि बाळ कसं आहे ते विचारायला लागलो.

शेवटी अप्पांच्या खोलीतला कूलर उचलून परसात नेला आणि प्लास्टिकला खिडकी पाडून तिथे बसवला. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. दुपारी रोपांनी माना वर केल्या. मी तिथेच ओल्या मातीत बसलो. मला भरून आलं होतं आणि उठायचं त्राणही नव्हतं.

"कूलर माझा आहे," मागून अप्पा म्हणाले. "तो जिथे, तिथे मी."

त्यांनी कॉट आत आणली. मग उशी, रेडिओ, बुद्धिबळाचा पट. ट्रे पायात येतात म्हणून त्यांनी ते उचलून पुन्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवले. तिथे रोपांना बरं वाटू लागलं. मी घामाघूम होऊन बैठकीच्या खोलीत झोपू लागलो, कारण पंखाही परसातच राहिला होता.

अशातच साहेब फळं घेऊन आजाऱ्याला बघायला आले. मी त्यांना परसात नेलं. चुन्याने पांढऱ्या झालेल्या त्या तंबूत अप्पा डोक्यावर ओला पंचा ठेवून पडले होते. साहेबांचा जीव कळवळला.

"कसं वाटतंय आता?"

"आत या आणि चेन लावा," अप्पा म्हणाले. "गारवा जातो. बुद्धिबळ येतं का?"

साहेब संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा आले, मग रोजच येऊ लागले. ते इकडे असल्यामुळे तिकडे त्यांचं काम माझ्याकडे आलं.

बायको आली ती भर दुपारी, लाल चेहऱ्याने, जागरणांनी पार पिचलेली. पिशवी हातात तशीच ठेवून ती आधी खिडकीशी गेली. रोपांवरून हात फिरवला. रिकाम्या जागांवर बोट थांबलं. मग मी तिला सगळं सांगून टाकलं, अगदी परसभर चाललो तेही.

तिने पिशवी खाली ठेवली. "दर वेळी सगळीच जातात," ती म्हणाली. "या वेळी बरीच राहिली." आणि ती परसात गेली.

आत पट मांडलेला होता. साहेब अर्धवट उठले. "बसा," ती म्हणाली आणि कॉटच्या कडेवर टेकली. कूलरचा गार झोत चेहऱ्यावर आला तसे तिचे डोळे मिटले. किती दिवसांनी ती निवांत बसली होती कुणास ठाऊक.

"चांगलं केलंत हो हे," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत कुणी मला असं काही म्हणालं नव्हतं. मी हुरळून एक पाय आत टाकला.

"चौथा माणूस आला की आत गरम होतं," साहेब पटावरून नजर न काढता म्हणाले.

अप्पांनी मान डोलावली. मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे उघडले नाहीत.

"चेन ओढून घ्या," ती म्हणाली. "बाहेरून."