आमचे रूमपार्टनर अप्पा

न्हाव्याच्या दुकानात अप्पांनी कॉलेजचं ओळखपत्र पुढे केलं आणि शांतपणे विचारलं, "स्टूडंटला काय सवलत हाय?" न्हाव्याने आधी कार्डावरचं कॉलेजचं नाव वाचलं, मग अप्पांचं डोकं पाहिलं. कानांच्या वर पांढरी झालर सोडली तर तिथे कापण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"काका, कार्ड नातवाचं हाय का?"

"माझंच हाय. एम.ए. मराठी, पहिलं वर्ष."

सवलत मिळाली. वर त्याने मिशाही फुकट कोरून दिल्या.

मन्मथअप्पा आमचे रूमपार्टनर. मी राणीसावरगावचा, गजानन येलदरीकडचा. परभणीत शिकायला आलो, दोघांनी एक खोली धरली, पण भाडं दोघांना झेपेना. म्हणून दारावर कागद डकवला : 'पार्टनर पाहिजे. फक्त विद्यार्थी.' दुसऱ्याच दिवशी कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि हातात लोखंडी ट्रंक घेतलेले एक गृहस्थ दारात उभे. पोराला सोडायला आले असतील, असं समजून गजानन त्यांच्या पाठीमागे पाहायला लागला.

"मागं कुणी न्हाई," ते म्हणाले. "मीच हाय."

अप्पांची सगळी नोकरी पूर्णा जंक्शनवर गेली, गाड्यांचे रूळ बदलून देण्यात. बी.ए. त्यांनी ड्युटी सांभाळून बाहेरून केलं. आता पेन्शन येत होती, पूर्णेत स्वतःचं घर होतं, मुलगा शिवकुमार पुण्यात इंजिनिअर होता. म्हणजे चैनीत राहायला काही हरकत नव्हती. पण अप्पा आमच्यापेक्षाही हात आखडून राहायचे. कुठलीही वस्तू हातात घेतली की उलटीपालटी करून बघायचे आणि म्हणायचे, "विद्यार्थ्याला परवडलं पायजे."

शनिवारी ते घरी जात. रेल्वेचा फुकट पास ट्रंकेत पडून असे आणि हे मात्र पैसे भरून विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास काढत. गजाननने एकदा हिशेब समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"अप्पा, फुकटापेक्षा सवलत महाग पडायलीय तुम्हाला."

"त्या पासावर पेन्शनर जातो," अप्पा म्हणाले. "मी कॉलेजला जायलोय."

येताना काशीबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, दिलेली लसणाची चटणी आणायचे. तुपाची बरणी मात्र हट्टाने घरी ठेवून यायचे. विद्यार्थ्याला तूप कशाला, हा त्यांचा मुद्दा. त्या मुद्द्याची झळ आम्हाला बसे, कारण आम्ही दोघं तूप खायला कायम तयार होतो.

भाजी आणायला ते दिवस मावळताना निघत. बाया पाट्या आवरायला लागल्या की मेथीच्या उरल्यासुरल्या जुड्या स्वस्तात मिळतात. काही दिवसांत भाजीवाल्या त्यांना दुरूनच ओळखायला लागल्या. "आला बाई स्टूडंट," म्हणत एकीने तर कोथिंबीर बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली.

स्वयंपाकही अप्पाच करत, आणि तो रेल्वेच्या भाषेत. भात शिजला नसेल तर, "दम धर, गाडी आउटरला उभी हाय." वाढायला घेतलं की, "लाईन क्लिअर." महिनाअखेरीला डबे रिकामे झाले की सुशीला करायचे, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी. पण थाट असा, की लग्नाची पंगत वाटावी. खाली वर्तमानपत्र अंथरायचं, लिंबाच्या फोडी करायच्या, शेंगदाणे मोजक्याच जणांना मिळतात अशा आविर्भावात वाटायचे. मग वर्गातल्या गप्पा. कोणत्या मॅडमनी त्यांना चुकून 'सर' म्हटलं, शेवटच्या बाकावरच्या कोणत्या पोराची खोटी हजेरी लावायला त्यांनी नकार दिला. कॉलेजच्या टाय डेला गजाननचा टाय त्यांनी नेहरू शर्टावर बांधला आणि दिवसभर मान ताठ ठेवून फिरले. घरी आल्यावर तो सुटेना. शेवटी आम्ही दोघांनी धरून काढला.

आमच्या आयुष्यात एवढा मजेचा काळ पुन्हा येईल की नाही, कोण जाणे. खिशात काही नसायचं आणि काही अडायचंही नाही.

एका रविवारी अप्पा परीक्षेसाठी परभणीतच थांबले होते. दुपारी खाली पांढरी गाडी येऊन उभी राहिली. शिवकुमार वर आला. अंगाने भरलेला, चष्मा लावलेला, चाळिशीकडे झुकलेला माणूस. वर्तमानपत्रावर मांडलेला सुशीला, भिंतीच्या खिळ्यांवर लटकलेले तिघांचे शर्ट आणि मधोमध मांडी घालून बसलेले वडील, हे सगळं पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

"अप्पा, मी काय कमी पडू दिलं तुम्हाला?" तो तिथूनच म्हणाला. "पूर्णेतले शेजारी फोन करून मला सांगतात. तुम्ही असं राहता, लोक मला काय म्हणत असतील? ट्रंक भरा. आईलाही घेऊ आणि पुण्याला चला."

"परीक्षा हाय माझी," अप्पा म्हणाले. "बस आधी. जेवलास का?"

आम्ही उठायला लागलो, तर अप्पांनी हातानेच बसवलं. शिवकुमार बूट काढून अवघडून बसला. मग अप्पा त्याच्याकडे न बघता बोलायला लागले.

"तू पुण्याला शिकायला होतास तवा मी धाडायचो ते लय थोडं होतं. मला म्हाईत होतं. पण तू कधी तोंडानं बोलला न्हाईस. इकडं मी जेवायला बसलो की घास उतरायचा न्हाई. पोरगं काय खात असंल, कसं ऱ्हात असंल. तुझ्या आईला इचारता येईना, ती रडायची. मग रिटायर झाल्यावर म्हटलं, आपणच एकदा तसं राहून बघावं."

शिवकुमार वर्तमानपत्रावर सांडलेले मुरमुरे बोटाने गोळा करत होता.

"आन् खरं सांगू का शिवा," अप्पा म्हणाले, "ह्यात तर लय मज्जा हाय रे. मला कुणी सांगितलंच न्हाई."

शिवकुमारने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग हळूच म्हणाला, "होती अप्पा. मजा होती."

"आन् तरास?"

"सुरुवातीला झाला. मेस रविवारी संध्याकाळी बंद असायची. मग सुनील म्हणून रूमपार्टनर भेटला, सांगोल्याचा. त्याच्या डब्यातलं अर्धं मला द्यायचा. मी नको म्हटलं की डबा खिडकीत ठेवून बाहेर निघून जायचा."

मग तो सांगतच सुटला. सुनीलच्या सायकलला ब्रेक नव्हता ते, दोघांत एकच इस्त्रीचा शर्ट होता ते. अप्पा मध्येमध्ये प्रश्न विचारत होते, एखाद्या गोष्टीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. सुशीला संपला होता. गाडी खाली उन्हात तापत होती. ट्रंकेचा विषय पुन्हा निघाला नाही.

शिवकुमार निघाला तेव्हा अप्पांनी त्याच्याकडून एक नंबर मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी विभूती लावून झाल्यावर त्यांनी तो लावला. मी पुस्तक उघडून बसलो होतो, गजानन दाढी करत होता.

"हॅलो, सुनीलराव का? मी शिवकुमारचा वडील बोलायलोय, पूर्णेचा." थोडा वेळ ते ऐकत राहिले. पलीकडचा माणूस बहुधा घाबरला असावा. "न्हाई न्हाई, शिवा खुशाल हाय. काम काईच न्हाई बाबा."

मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमी जेवलात का, एवढंच इचारायचं होतं."