जयूची झोप

आमच्या पुरुषोत्तमनगरच्या गल्लीत भाजीवाल्याला भर दुपारी भोंगा बंद करावा लागतो. का, तर शेजारच्या दगाआप्पांची लेक जयू झोपलेली असते. इथे नव्हे, लंडनच्या हॉटेलात.

जयू लांब पल्ल्याच्या विमानांवर असते, प्रवाशांचं खाणंपिणं बघते. ती तिकडे उतरली की आप्पा इकडे बनियनवर ओट्यावर पहारा देतात. "हळू. जयू झोपेल शे." मी एकदा म्हणालो, आप्पा, आपला आवाज तापीपलीकडे जात नाही. म्हणाले, "तुन्हा जास." म्हणजे माझा जातो.

आप्पांचा जन्म साखर कारखान्यात गेला. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तरी दमलेल्याला सलग दुसरी पाळी करू द्यायची नाही, मुकादम कितीही तणतणो, हा त्यांचा हट्ट. कुठे काही स्वस्त दिसलं की एकच प्रश्न, "कोनी झोप कापी?" म्हणजे कोणाची झोप कापून हे स्वस्त केलं? माझ्या पोराला परदेशाचं तिकीट निम्म्यात मिळालं म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून तेच विचारलं. असा राग आला मला.

आणि मग खरंच जयूचीच झोप कापायला निघाले. दुसऱ्या कंपनीने तिकिटांचे दर उतरवले, म्हणून हिच्या कंपनीने तिकडची विश्रांती अर्ध्यावर आणली. नव्या करारावर सही करा, नाहीतर घरी बसा. तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. पोरगी रडत होती.

"आप्पा, नोकरी जाई."

"बाकीन्या पोरी काय म्हनतस?"

"सही नही करनार म्हनतस."

"मंग तूबी करू नको. घर शे, मी शे."

एकीनेही सही केली नाही. सगळ्यांना घरी बसवलं. जयू आली ती आडवीच झाली.

तिसऱ्या दिवशी भाजीवाला सवयीने भोंगा बंद करून चालला होता. आप्पा त्याच्यामागे धावले. "भोंगा लाव."

"जयूताई झोपेल शे ना?"

"दोन दिन व्हयनात. उठनी तं चहा तरी संगे पिसूत."

जयूची आई गेल्यापासून आप्पा एकटेच चहा पितात, हे मला तेव्हा आठवलं. इतकी वर्षं शेजारी राहून.

भाजीवाल्याने भोंगा लावला. "मेथी घ्या" एवढंच झालं, आणि आप्पांनी स्वतःच बटण दाबून तो बंद केला.

"ऱ्हाऊ दे. भलती थकेल शे ती."

ओट्यावर दोन कप बशीने झाकून ठेवले होते. मी एकाला हात घातला.

"तो जयूना शे," आप्पा म्हणाले.

मग मी घरून माझा कप घेऊन आलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.