चिमीची शेंग आणि वेलाची बाळं

एका जंगलात सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी एका सशिणीनं वालाचं पान उलटं करून पाहिलं, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

तुम्ही विचाराल, जंगलात घड्याळ कुठून आलं? बाळांनो, घड्याळ नव्हतं. पण तिच्या घरात लहान पोर होतं. ज्या घरात लहान पोर असतं, त्या घरातल्या बाईला घड्याळ न बघता वेळ कळते.

सशिणीचं नाव गोंदी. पोरीचं नाव चिमी. चिमी पावसाळ्यात आजारी पडली, तेव्हापासून तिच्या तोंडाची चवच गेली होती. गवत दिलं की थुंकायची. गाजर दिलं की तोंड फिरवायची. पाठीची हाडं हाताला लागायला लागली. वैद्यबुवा कासवानं तपासलं आणि सांगितलं, "कोवळी वालाची शेंग खाऊ घाला. तेवढीच खाईल ती."

म्हणून गोंदीनं बिळाच्या दाराशी वाल लावला. अंकुर आला तशा गोगलगायी आल्या. गोंदीनं आळ्याभोवती वणव्याची कोरडी राख पसरली. पाऊस यायचा, राख वाहून न्यायचा. ती पुन्हा पसरायची. पाऊस सरला तसा वेल काठीवर चढला. थंडी पडली आणि जांभळ्या फुलांचे तुरे आले.

"पहिली शेंग कुणाची?" गोंदी रोज विचारायची.

"माझी!" चिमी म्हणायची. पोरगी दिवसभरात तेवढंच बोलायची.

आणि मग त्या सकाळी गोंदीनं पान उलटं केलं. पानाखाली टाचणीच्या डोक्याएवढे काळे किडे. एकमेकांना चिकटून बसलेले, पानात सोंड खुपसून रस पिणारे.

"अगं बाई!"

शेजारच्या फांदीवर साळुंकीकाकू होत्या. जंगलातली प्रत्येक बातमी त्यांच्याकडे यायची. "मावा तो," त्या म्हणाल्या. "ताक शिंपड. नाहीतर ताक मुळीच शिंपडू नकोस. आणि वेलाची दृष्ट काढ."

"काकू, नक्की काय करू?"

"ते मला काय ठाऊक? माझ्याकडे आलं की मी पुढं पाठवते."

गोंदीनं आपल्या मनानं कडुनिंबाचा पाला कुटला, पाण्यात भिजवला, गाळला. शिंपडायला गेली तर वेलावर मुंग्यांची रांग.

"थांबा!" पुढची मुंगी म्हणाली. ती त्यांची मुकादमीण. "काय करताय हे? आई आहात ना तुम्ही? अहो, ही वेलाची बाळं आहेत!"

"बाळं?"

"बघा की, कशी आईला चिकटून दूध पितात. जराही लांब जात नाहीत. आम्ही त्यांची राखण करतो. एक पैसा मागत नाही. वर पानांना पॉलिश करून देतो."

आणि खरंच, बाळांनो, पानं चकाकत होती. माव्याच्या अंगातून गोड चिकटा गळायचा, पानावर पसरायचा. जास्तीचा मुंग्या चाटायच्या. त्यासाठीच तर त्या मावा पाळायच्या, आपण गाय पाळतो तशा. पण हे गोंदीला कोण सांगणार? तिनं कडुनिंबाचं पाणी ओतून दिलं. बाळांवर विष शिंपडणारी आई आपण होणार होतो, या विचारानं तिला दुपारी जेवण गेलं नाही.

त्या वेलावर आणखी एक बाई राहायची. ढालूबाई. जातीची ढालकिडा, अंगानं गोल, पाठीवर लाल ढाल, ढालीवर काळे ठिपके. दिवसभर पानाखाली बसून खायची. काय खायची? मावा. पण ते कुणाला सांगायची नाही, कारण तिचं तोंड सतत भरलेलं. भरल्या तोंडानं बोलू नये, असं तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. तिची पोरं दिसायला मात्र फार वाईट. काळी, खरखरीत, बारक्या मगरींसारखी.

तेवढ्यात जंगलात आदर्श परसबाग समितीची पाहणी निघाली. अध्यक्ष अस्वलराव. त्यांनी जन्मात एक रोप लावलं नव्हतं, त्यामुळे ते कुणाच्या बाजूचे नव्हते.

अस्वलराव वेलापुढे उभे राहिले. "वा! पानं कशी आरशासारखी! मला माझा चेहरा दिसतोय. कुणाची मेहनत ही?"

"आमची, साहेब," मुकादमीण म्हणाली. "पण एक तक्रार आहे. ही ढालूबाई. आम्ही सकाळपासून वर-खाली पळतोय, आणि ही बसून असते. वर वेलाची बाळं खाते!"

अस्वलरावांनी वाकून पाहिलं. ढालूबाईच्या तोंडात खरंच एक बाळ होतं.

"हे खरं आहे?"

ढालूबाई गप्प. घास मोठा होता.

"बोलत नाही म्हणजे कबूल आहे. आणि ही मगरीसारखी पोरं हिचीच? हाकला!"

गोंदी घुटमळली. "साहेब, पोरंबाळं आहेत हो तिला."

"गोंदीबाई, तुम्ही आई असून बाळं खाणारीची बाजू घेता?"

झालं. गोंदीनं स्वतःच्या हातानं ढालूबाईला आणि तिच्या पोरांना पळसाच्या पानावर घेतलं आणि ओढ्यात सोडलं. धाकटं पिल्लू पानाच्या कडेला घट्ट धरून होतं. गोंदीनं तोंड फिरवलं.

मग बाळं वाढली. शेंड्यावर, कळ्यांवर, देठांवर बाळंच बाळं. पानं मुडपली. चिकट्यावर काळी काजळी चढली. फुलं गळाली.

"वेल सुकतोय हो," गोंदी म्हणाली.

"सुकणारच," मुकादमीण म्हणाली. "बाळंतपण सोपं असतं का?"

गोंदीला ते पटलं. तिलाही चिमीच्या वेळी असंच झालं होतं.

थंडी सरत आली तेव्हा त्या वेलाला एक शेंग धरली. एकच. गोंदीनं चिमीला मांडीवर घेऊन ती दाखवली. "उद्या सकाळी काढू हं. अजून जरा भरू दे."

पण सकाळी सत्कार होता. पाहणीच्या दिवशीची पानं बघून वेल आदर्श ठरला होता. मुंग्यांना शाल द्यायची होती. शाल एकच होती, ती सगळ्यांना मिळून पांघरली. सगळ्या तिच्याखाली दिसेनाशा झाल्या, तरी टाळ्या पडल्या. मग साळुंकीकाकू कुजबुजल्या, "अध्यक्षांच्या हातात काहीतरी द्यायला हवं ना!" आणि कुणीतरी ती शेंग तोडून दिली.

अस्वलरावांनी शेंग तोंडात टाकली. "कोवळी आहे," ते म्हणाले आणि चकाकत्या पानांवर भाषण करायला लागले.

"आई," चिमी म्हणाली, "माझी होती ना?"

गोंदीनं चिमीला पाठीवर घेतलं आणि भाषण चालू असतानाच ती ओढा ओलांडून गेली. हिरवा पाला दिसेल तिकडे चालत राहिली.

पलीकडच्या काठावर बाभळीवर एक रानातला वाल चढला होता. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणी पाहणी केली नव्हती. पानं धुळीनं मळकी, एकही चकाकत नव्हतं. आणि झुबक्या-झुबक्यानं शेंगा लोंबत होत्या. पानाखाली ढालूबाई बसली होती. भोवती तिची पोरं, आता आईसारखीच लाल, ठिपक्यांची, देखणी.

गोंदी मान खाली घालून उभी राहिली. "दोन शेंगा घेऊ का? पोरीसाठी हव्यात."

ढालूबाईनं घास नीट चावला, गिळला, तोंड पुसलं. मग गोंदीनं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"हव्या तेवढ्या न्या, ताई. आम्ही शेंगा खात नाही. आम्ही मावा खातो. तुमच्या वेलावरही तोच खात होते."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तोंडात घास होता. तो संपेपर्यंत तुम्ही अस्वलरावांचं ऐकून मोकळ्या झालात."

तेवढ्यात मागून कुडुम असा आवाज आला. चिमीनं पाठीवरूनच एक शेंग ओढून घेतली होती. शेंग संपली. पोरीनं दुसरी ओढली.

गोंदी रडत रडत घरी आली आणि साळुंकीकाकूंना म्हणाली, "काकू, एवढं सगळ्यांना सांगा. ढालूबाई होती म्हणून शेंगा होत्या."

काकूंनी लगेच पुढं पाठवलं. पोचता पोचता निरोप जरा आखूड झाला. समितीकडे एवढंच पोचलं, की ओढ्यापलीकडे शेंगा फार आहेत पण पानं मळकी आहेत. समितीनं तातडीनं बैठक घेतली आणि पॉलिशसाठी मुंग्या रवाना केल्या.

तात्पर्य: बाळांनो, बागेत पान कधीही उलटं करून पाहू नये. वरच्या बाजूला आपला चेहरा दिसतो, खालच्या बाजूला आपली चूक. आणि चेहरा बघणाऱ्यालाच शेंग मिळते.

तरीही ही गोष्ट तुमच्या ओळखीच्या प्रत्येक आईला सांगा. आजच सांगा, मुंग्या अजून ओढ्यापर्यंतच पोचल्यात. फक्त सांगण्याआधी तोंडातला घास गिळा.