गाठेल त्याची तोड आधी

सयाजीनं कॅनव्हासच्या बुटाची नाडी अशी काही ओढली की ती तुटून हातातच आली. "तुट! तू पन तुट!" असं ओरडून त्यानं बूट भिरकावला तो थेट चुलीपाशी. हरणाबाई चहाचं आधण ठेवत होती. तिनं बूट पायानं बाजूला सारला.

"पळायचं नसंल तर पळू नगा. बुटावर कशाला राग काढताय?"

"पळायचं न्हाई असं मी कवा म्हनलो?"

"त्वांडावर दिसतंय की."

दिसत होतं हे खरं, आणि दिसणारच. सयाजी साखर कारखान्याचा चिटबॉय होता. पलूसकडच्या शिवारात कुणाच्या उसाला कधी कोयता लागणार, ती तोडीची चिठ्ठी त्याच्या हातून निघायची. हंगामात अशा माणसाला धड गिळायला सवड नसते. ऊस तोडणारी टोळी आली नाही, शिव्या सयाजीला. ट्रक चिखलात रुतला, शिव्या सयाजीला. कारखान्यात ऊस कमी पडला, साहेब सयाजीवर. ऊस जास्त झाला, तरीही साहेब सयाजीवरच.

त्यात हे मॅरेथॉनचं खूळ. तेही कुणामुळं? तर हरणाबाईच्या भावामुळं. जोतिबा नुकताच फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला. दिवाळीत सगळ्या पाहुण्यांसमोर मिशीला पीळ देत तो म्हणाला, "दाजी गेलेले की भरतीला. निम्म्या मैदानातच बसले." घर तिथं फौजी असलेल्या मुलखात हे असं चारचौघांत बोलणं म्हणजे माणसाची अब्रूच काढणं. सयाजीच्या हातातला चकलीचा तुकडा हातातच राहिला. तो उठला आणि गरजला, "शिमग्याच्या आदी सांगलीत मॅरेथॉन हाय. ती पुरी करून दावतो. न्हाई केली तर ही मिशी तुज्याच हातानं उतरव!"

झालं. तेव्हापासून मिशी पणाला लागली होती आणि सयाजी पहाटे उठून पळत होता. पळत होता म्हणजे काय, पळू देत होतं कोण? वेशीबाहेर पडला की बाळासो बांधावरून हाक मारायचा, "सयाजीराव, माज्या उसाला तुरा आलाय, वजन घटाय लागलंय, जरा बगून तरी जावा." चार पावलांवर सिद्धू उभा, "खोडवं वाळाय लागलं, टोळी कवा?" आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे आकारामआबा. साठी ओलांडलेला, काटकुळा, गोचिडासारखा चिकट. तो हाक मारायचा नाही. वहाणा काखेत मारून धोतर खोचायचा आणि सयाजीच्या बरोबरीनंच पळायला लागायचा.

"तोड कवा, सयाजीराव?"

"पाळी आली की!"

"पाळी कवा?"

एके दिवशी सयाजीचं डोकंच फिरलं. तो रस्त्याच्या मधोमध थांबला आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडला, "पळू द्या की रं मला! का जीव खाताय? जो कोन मला पळून गाठंल, त्याची तोड आदी लावतो! जावा!"

रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, हे शहाण्या माणसाला कळतं. पण उसाला तुरा आलेल्या माणसाला कळत नाही. दुसऱ्या दिवशी सयाजी वेशीत आला तर तिथं धोतरं, विजारी, लेंगे खोचून सगळा गाव उभा. सिद्धू तर अंगाला तेल चोळून आला होता.

"हे काय रं?"

"तुमीच म्हनला न्हवं? पळा की!"

सयाजी पळाला. बाप रे, कसा पळाला! मागं ही फौज. मॅरेथॉनला कसं दमादमानं पळायचं असतं, इथं रोज जीव घेऊन पळायची वेळ. कुणी पाटातून आडवं यायचं, कुणी सायकलवरून पाठलाग करायचा आणि वर म्हणायचं, "सायकल चालत न्हाई असं कुटं म्हनला हुतासा?" सयाजी कुणाच्या हाती लागला नाही, पण ही बातमी कारखान्यात पोचली. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"पळण्यावर पाळ्या लावता? उद्यापासून साखर गोदामात जा आणि पोती मोजत बसा!"

गावाला नवा चिटबॉय आला. गाव लगेच त्याच्या मागं लागलं. सयाजी सकाळपासून दिवे लागेपर्यंत गोदामात पोत्यांच्या थप्प्या लावून घ्यायचा, घरी यायचा आणि भिंतीला टेकायचा. पळायची आता मेली इच्छाच उरली नाही. मॅरेथॉन गेली खड्ड्यात. मिशी काय, गवतासारखी पुन्हा उगवते. त्यानं बूट माळ्यावर टाकून दिले.

पहाटे दाराची कडी वाजली.

"सयाजीराव, उटा. पळायचं न्हाई व्हय?"

"आबा, चिठ्ठी आता माज्या हातात न्हाई! नव्याकडं जावा!"

"चिठ्ठी नसंल. पर शबुद तर तुमीच दिलाय न्हवं?"

सयाजीनं उशी डोक्यावर घेतली. कडी वाजतच राहिली. शेवटी हरणाबाईनंच बूट काढून पुढ्यात आपटले. तुटक्या नाडीच्या जागी तिनं सुतळी ओवली होती. "जावा बाई एकदाचं. म्हातारं मानूस थंडीत हुबं हाय." असं रोज चाललं. सयाजी रोज आकारामआबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि रोज पळायचा.

मॅरेथॉनच्या दिवशी सांगलीत जोतिबा हातात वस्तरा घेऊन हजर होता. तासगावच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं. जाताना ठीक गेलं. परतताना कवलापूरच्या अलीकडं सयाजीच्या पिंढऱ्यांत गोळे आले. तो रस्त्याकडेच्या लिंबाखाली मटकन बसला. पाहतो तर शेजारी काखेत वहाणा घेतलेला आकारामआबा उभा!

"लावा हात, आबा. गाठलं मला. सुटलो एकदाचा."

"बसलेल्याला हात लावून काय करू? लोक म्हनतील, आकारामनं बसलेलं मानूस धरलं. भरतीतबी असंच बसला हुतासा न्हवं?"

सयाजीच्या डोळ्यांत रक्त उतरलं. "आबा, नरडं दाबीन!"

"दाबा की. पर आदी उटाय लागतंय."

सयाजी ताडकन उठला. आबा पळाला. पुढं आबा, मागं सयाजी. माधवनगर आलं, गेलं, सांगली आली. लोकांच्या टाळ्या, शिट्ट्या, कशाचंही भान सयाजीला नव्हतं. त्याला फक्त पुढं हलणारं ते धोतर दिसत होतं. शेवटच्या दोरीवर त्यानं झेप घेतली आणि आबाची बंडी धरली.

"पुरी केली! दाजींनी पुरी केली!" जोतिबा नाचत होता. वस्तरा त्यानं कधीच खिशात ढकलला होता.

सयाजीला धापेनं बोलता येईना. "आबा... साह्यबाच्या पाया पडतो... तुमच्या उसाची तोड उद्या लावतो... पर माजा पिच्छा सोडा!"

आबानं वहाणा खाली टाकून पायात सरकवल्या. "माजा ऊस? त्यो गेला की मागल्याच पंधरवड्यात. नव्या पोरानं पाळीपरमानं लावली तोड."

"मग... मग माज्या मागं कशाला पळत हुतासा?"

"पुढल्या सालचं आत्ताच सांगून ठेवावं म्हनलं. तवा परत तुमीच चिटबॉय हून याल न्हवं आमच्या गावाला?"

सयाजीनं खाली वाकून सुतळी तोडली आणि पायातला बूट काढून उगारला. आबानं ते पाहिलं, वहाणा पुन्हा काखेत मारल्या आणि तासगावचा रस्ता धरला. एका बुटावर सयाजी त्याच्या मागं.

"दाजी!" जोतिबा ओरडत होता. "दाजी, शर्यत संपली! आवं, संपली!"