काळी का निळी

आमच्या नेरच्या बाजारात एका माणसाला वांगी विकायला कोणी राजी नसे. हा माणूस दोन हातांत दोन वांगी घेई, डोळे मिटे आणि तसाच उभा राही. मग डावं वांगं खाली ठेवून ढिगातलं तिसरं उचली आणि पुन्हा डोळे मिटे. मागची गिऱ्हाइकं कंटाळून पुढच्या दुकानावर जात. शेवटी भाजीवाली हात जोडायची, "काका, फुकट न्या, पन लवकर न्या."

"फुकटातलं तं अजून नीट पाहा लागते, बाप्पा," काका डोळे मिटलेलेच ठेवून म्हणत.

हे मनोहरराव इंगोले. गाव त्यांना ग्रेडर काका म्हणे, कारण सारी नोकरी त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली होती. गाडीतून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब, किती दमाचा ते सांगायचं. हा कापूस बरा का तो बरा, हे ठरवण्यात जन्म गेला, आणि ती सवय बोटांतून चढत चढत डोक्यात जाऊन बसली. दुकानात शिरले की पहिलं वाक्य ठरलेलं, "दोनी दाखव." साबण असो, छत्री असो, नाहीतर नारळ. एकच नग शिल्लक असला तर काका तो घेत नसत. "एक पाहून का समजते? एकटी वस्तू सारीच चांगली दिसते."

लग्नाचंही तसंच झालं म्हणतात. एक मुलगी बाभुळगावची पाहिली, एक उमरखेडची. दोन्ही पसंत. काकांनी विचार करायला वेळ मागितला. कापसाचा हंगाम सुरू झाला, संपला, काकांचा विचार चालूच. तेवढ्यात बाभुळगावचीचं लग्न उरकलं. "आता उमरखेडचीच ना?" असं त्यांच्या आईनं विचारलं, तर काका म्हणाले, "आता एकच राह्यली. तुलना कशी कराची?" ही गोष्ट काका स्वतः सांगत आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत. हसून झालं की टोपी काढून उगाच झटकत.

पुढे कापसाचे दिवस फिरले. भाव पडलेले, केंद्र कधी उशिरा उघडे, कधी उघडतच नसे. लोक सरळ व्यापाऱ्याकडे जात आणि व्यापारी कापसाकडे न पाहताच भाव सांगत. केंद्राच्या पटांगणात काका खुर्ची टाकून बसलेले दिसत. समोर कापूस नसे. रस्त्यानं जाणारा एखादा ओळखीचा शेतकरी ट्रॅक्टर थांबवून मूठभर कापूस त्यांच्यापुढे धरी, "काका, धागा कसा हाय पाहा बरं." त्यानं भावात फरक पडणार नाही हे दोघांनाही माहीत असे. तरी काका धागा ओढत, उन्हाकडे धरत आणि म्हणत, "पयला नंबर." तो माणूस बरं वाटून पुढे जाई. काका हातातला कापूस खिशात ठेवून देत.

अशातच ते निवृत्त झाले आणि सकाळ-दुपार रिकामे झाले.

माझं बसस्टँडजवळ नेट कॅफे आणि झेरॉक्सचं दुकान होतं. एक दिवस सकाळी अमरावतीकडून पाच-सहा सायकलवाले आले. डोक्यावर टरबुजासारखं हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. समोरच्या टपरीवर चहाला थांबले. काका जवळ गेले आणि एकाला म्हणाले, "उचलून पाहू का जी?" पोरगा हो म्हणाला. काकांनी ताकद लावून सायकल उचलली ती सरळ छातीपर्यंत आली. काका मागे कलंडता कलंडता राहिले.

"अरे, हे का आत पोकळ हाय?"

"कार्बन आहे काका. लोखंड नाही. बारीक धाग्याचं कापड असतं, त्याचे थर देऊन बनवतात."

"धागा?" काका म्हणाले. "धाग्याची सायकल?"

ते सायकलवाले गेल्यावरही काका रस्त्याकडे पाहत उभे होते. दुपारी माझ्या दुकानात आले. "गजू, ते कॉम्प्युटर लाव. धाग्याची सायकल पाहाची हाय. दोनी दाखव."

त्या दिवसापासून खिडकीजवळचा कॉम्प्युटर काकांचा झाला. शेकडो सायकलींतून दोन उरल्या. एक काळी, वाकून चालवायची, शर्यतीची. एक निळी, जरा ताठ बसून चालवायची, लांबच्या पल्ल्याची. किंमत मी दोनदा वाचली. तेवढ्यात दोन मोटरसायकली आल्या असत्या. काकांना किमतीचं काही नव्हतं. पोरंबाळं नाहीत, पेन्शन येते, खाणारं तोंड एक. त्यांना घोर फक्त एवढाच, की काळी का निळी.

इंग्रजीत लिहिलेलं मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. काळी निळीपेक्षा पावशेरानं हलकी आहे, असं एक दिवस मी सांगितलं. टपरीवर ही बातमी गेली तसा सायकल दुरुस्तीवाला अनिसभाई उसळला. "पाव किलो के लिए इतना पैसा? मैं एक टाइम नाही जेवलो तं पाव किलो कमी होते!"

"आन् कार्बन म्हंजे कोळसाच ना?" टपरीवाला म्हणाला. "पावसात भिजली तं?"

नेरमध्ये दोन पक्ष पडले. काळीवाले आणि निळीवाले. काका रस्त्यानं निघाले की न्हाव्याच्या दुकानातून हाक येई, "काका, काळी!" पलीकडून किराणावाला ओरडे, "निळीच घ्या काका, डोयाले थंड!" काका थांबत. काळीच्या बाजूनं बोलणाऱ्याला निळीचे गुण सांगत आणि निळीवाल्याला काळीचे. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं तेज कधी पाहिलं नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, सायकल काही येईना. मी एकदा चिडून म्हणालो, "काका, घ्या ना आता एखादी. कायले लांबवून राह्यले?"

 ते पडद्याकडे पाहतच हळू आवाजात म्हणाले, "घेतली का संपलं, गजू. मंग मले कोन काय विचारन?"

 मी प्रिंटरचा कागद नीट करायला लागलो.

पण त्यानंतर मीच हट्ट धरला. नागपूरला एका दुकानात दोन्ही सायकली चालवून पाहायला मिळतात, असं कळलं होतं. यवतमाळला बस बदलून आम्ही तिथे पोचलो. काका धुतलेलं धोतर नेसले होते, डोक्यावर पांढरी टोपी होती. दुकानदारानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माणूस भला होता. आतून एक ट्रॅकपँट आणून दिली. काकांनी ती घातली, टोपी खिशात कोंबली, हेल्मेट चढवलं आणि आरशात पाहून म्हणाले, "कोनी वळखन का मले?"

आधी काळीवर एक चक्कर मारली. मग निळीवर. मग पुन्हा काळीवर. प्रत्येक वेळी येऊन म्हणत, "ते पयलीचं आता ध्यानात नाही. दोनी एका टायमाले पाहा लागतीन." आता एक माणूस दोन सायकली एका वेळी कशा चालवणार?

दुकानात पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. पाठक मॅडम म्हणून. बँकेत होत्या, स्वतःची सायकल दुरुस्तीला टाकून वाट पाहत होत्या. त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, "काका, मी काळी चालवते, तुम्ही निळी चालवा. जवळच्या तलावाला चक्कर मारू. अर्ध्यात बदलून घेऊ. म्हणजे शेजारी शेजारी दोन्ही दिसतील."

"हे बराबर बोलल्या," काका म्हणाले.

दोघं निघून गेले. मी आणि दुकानदार चहा प्यायलो. चहा संपला. मॅडमची सायकल दुरुस्त होऊन भिंतीला टेकून उभी राहिली. दुकानदार दोनदा रस्त्यावर जाऊन पाहून आला. मला वाटलं, काका कुठे पडले की काय. आणि मग वळणावर दोघं दिसले. अगदी सावकाश, शेजारी शेजारी. काका एक हात सोडून बोलत होते. दोन बोटं हवेत धरून धागा ओढून दाखवत होते आणि मॅडम मान वळवून ऐकत होत्या.

काका उतरले तेव्हा सायकल निळीच होती. अर्ध्या वाटेवर बदलायची होती ते राहूनच गेलं होतं.

"मग काका?" दुकानदारानं विचारलं. "काय ठरलं? काळी का निळी?"

काका गोंधळले. निळीकडे पाहिलं, काळीकडे पाहिलं. "अबे," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहाचंच राह्यलं."

"एवढा वेळ काय केलं मंग?"

"म्याडमनं विचारलं का चांगला कापूस वळखाचा कसा. ते सांगत होतो."

पाठक मॅडमनी आपली सायकल घेतली. जाताना म्हणाल्या, "येते काका. छान वाटलं. आमच्या सायकल ग्रुपसोबत कधी तिकडे आले तर भेटू." काकांनी हात जोडले. त्या वळणापलीकडे गेल्या तरी हात खाली यायला जरा वेळ लागला. मग ते दुकानदाराला म्हणाले, "निळी बांधून द्या."

"काका, निळीच काहून?" मी विचारलं.

"मी निळीवर होतो ना."

सायकल नेरला आली तशी बसस्टँडवर जत्रा भरली. सगळ्यांनी उचलून पाहिली. काळीवाल्यांनी तोंड पाडलं, निळीवाल्यांनी चहा मागितला. आठवडाभर कौतुक चाललं आणि मग काका म्हणाले होते तसंच झालं. विषय संपला. न्हावी दाढीला लागला, किराणावाला तराजूला. काका रोज सकाळी यवतमाळ रोडनं एकटे निघत आणि ऊन चढायच्या आत परत येत.

आणि रोज पंक्चर. बारीक चाकं आणि रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे. बहुतेक सकाळी काका सायकल हातात धरून चालत अनिसभाईकडे येत. एक दिवस मी तिथेच उभा होतो. अनिसभाई वैतागून म्हणाला, "काका, इतना बडा डांबर का रोड है, बीच में से चलाव ना! एकदम कडेनं काटेच काटे हायत. मी काल पाह्यलं तुमाले. आगे पीछे गाडी नाही, और तुमी मातीत चालवून राह्यले!"

"राहू दे बाप्पा, तू पंक्चर काढ."

"पन काहून? मले समजू तं द्या."

काकांनी हेल्मेट काढलं, बोटानं त्याची धूळ पुसली. आमच्या कोणाकडे न पाहता म्हणाले, "कोनी संगं आलं, तं बाजूले जागा पाह्यजे ना."

 अनिसभाई ट्यूब पाण्यात बुडवून छिद्र शोधत राहिला. पंक्चर निघालं, हवा भरली. काका सायकलवर बसले आणि घराकडे निघाले. बसस्टँडचा रस्ता त्या वेळी मोकळा होता. काका डाव्या कडेनं, मातीला लागून चालले होते, आणि त्यांच्या उजव्या हाताला एका सायकलीपुरती डांबराची पट्टी रिकामी जात होती.