चंदनचा दिवस पहिला

घोड्यांबद्दल मला कोणी काही शिकवू नये! माझे वडील सावंतवाडीत टांगा चालवत. आमचा हिऱ्या इतका शहाणा, की वडिलांना पेंग आली तरी तो गिऱ्हाइकाला बरोबर दारात उतरवी. पुढे लग्न होऊन मी मिठबावला आले. घोडे संपले, मासे सुरू झाले. साठ वर्षांनी पुन्हा घोड्याशी गाठ पडली, ती नातवाच्या दारूमुळे.

नातू गुरुप्रसाद, वय तेवीस. कसालजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नव्वद दिवसांसाठी होता. तिथे मुलांना घोडा देतात. बसायला नाही, सांभाळायला. खरारा करायचा, पाणी दाखवायचं, दोरीशिवाय बरोबर चालवायचं.

"आजी, घोड्यापुढे खोटं चालत नाही," तिथल्या वर्षाली मॅडम मला म्हणाल्या. "माणूस आतून बिथरलेला असला, की तो जवळ येत नाही."

"आमचा हिऱ्या पण तसाच होता," मी म्हटलं. "मामलेदारांना बसूच देत नसे!"

घरी कोणाशी धड न बोलणारा गुरू पहाटे उठून चंदन नावाच्या तांबूस घोड्याचे खूर साफ करू लागला होता. त्याचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस रविवारी आला. नातेवाइकांसमोर त्याने चंदनबरोबर मैदानात एक फेरी मारायची, मंगळवारी घरी यायचं आणि बुधवारी कुडाळच्या गॅरेजात कामाला लागायचं. गॅरेजवाला बुधवारपलीकडे थांबणार नव्हता. आणि केंद्राचा नियम असा, की एक थेंब जरी पोटात गेला तरी मोजणी पुन्हा दिवस पहिला!

आता, कोणाकडे रिकाम्या हाताने जायची आमच्यात रीत नाही. केंद्राच्या फाटकावर पाटी होती, 'रुग्णांसाठी बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत'. घोड्याबद्दल पाटीवर अवाक्षर नव्हतं! हिऱ्याचा जीव बोंडवांवर, म्हणजे काजूच्या फळांवर. म्हणून मी गुरुवारीच झाडाखालचे बोंडू वेचले, बिया पिरगाळून काढल्या, पोतं भरलं आणि तोंड घट्ट बांधून पडवीत ठेवलं.

एप्रिलच्या उकाड्यात तीन दिवस बांधून ठेवलेल्या बोंडवांचं आंबून काय होतं, हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक आहे. पण करोनात माझ्या नाकाचा वास गेला, तो परत आलाच नाही. आमचा रिक्षावाला बाबली वाटेत दोनदा म्हणाला, "आजये, वास काय झ्याक येता गो!" मला वाटलं, माझ्या केसांतल्या सुरंगीच्या फुलांच्या वळेसराचा. मी लाजले.

घोड्याची देखभाल करणारा गणपत चहाला गेला होता. मी पोतं सोडलं. चंदनने आत तोंड घातलं ते तळ दिसल्यावरच वर काढलं. माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. म्हटलं, बघा! टांगेवाल्याची मुलगी लगेच ओळखली!

अर्ध्या तासाने फेरी सुरू झाली. शेजारच्या खुर्च्यांवरच्या सगळ्यांना तोवर माझा हिऱ्या सांगून झाला होता. गुरू पुढे, चंदन मागे. पहिली दहा पावलं सुरेख गेली. मग गुरू सरळ गेला आणि चंदन नांगर सुटलेल्या होडीसारखा आडवा सरकत कुंपणाला टेकला. तिथून चार पाय चार तालुक्यांत ठेवत परत आला, गुरूच्या खांद्यावर मान टाकली आणि त्याचा सदरा लाळेने भिजवून टाकला.

"बघा, किती जवळीक!" वर्षाली मॅडम गहिवरल्या.

तेवढ्यात वारा आमच्याकडे वळला. खुर्च्यांवरच्या सगळ्या बापांची नाकं एकदम वर झाली.

"काजूची," एक जण म्हणाला.

"आणि ताजी," दुसऱ्याने जाणकारीने भर घातली.

मॅडम उठल्या, थेट गुरूपाशी गेल्या आणि त्याचा सदरा हुंगला. "गुरुप्रसाद, कधी घेतलीस?"

"मॅडम, मी घेवक नाय!"

"सगळे हेच म्हणतात."

"देवाशपथ नाय!"

"हेही म्हणतात."

घोड्यावर कोणाचाच संशय गेला नाही. दोघेही मान खाली घालून उभे होते. पण अनुभव एकालाच होता. मॅडमनी फाइल मागवली. गुरूने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नुसता बुधवार दिसत होता.

मी उठले. नुकतंच अर्धा तास आमच्या घराण्याचं अश्वज्ञान सांगून बसलेल्या बाईला उठणं किती जड जातं, ते मलाच ठाऊक!

"मॅडम, फाइलीत घोड्याचं नाव घाला," मी म्हटलं. "त्याला मी पाजली. म्हणजे, चारली."

गणपत धावत जाऊन रिकामं पोतं घेऊन आला. मॅडमनी ते नाकाशी नेलं आणि पटकन लांब धरलं. तरी नियम म्हणून श्वास तपासायचं यंत्र आणलं. गुरूने फुंकलं. शून्य! मग चंदनच्या नाकाशी धरलं. यंत्राने मोठ्याने शिटी मारली.

बापांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी, ते कळलं नाही.

गुरू दुपारभर चंदनपाशी बसून राहिला. त्याने पाणी दाखवलं, मानेवर ओला गोणपाट टाकला. मी अपराध्यासारखी खांबाआड उभी होते.

"उद्या डोक्या दुखतला तुजा," तो घोड्याला सांगत होता. "मगे म्हणशीत, परत नाय. मीय दरवेळी तसाच म्हणायचंय. आणि आजयेक दोष देव नको हां! देणारे गावभर आसत. तोंड तुजा होता."

इतकी वर्षं हाच मुलगा मित्रांना, बापाला आणि हवापाण्याला दोष देत होता. मी पदराने डोळे पुसले. मॅडमनीही पुसले. पण फाइल बंद केली नाही.

मंगळवारी गुरू घरी आला, बुधवारी गॅरेजात गेला. चंदनच्या नावाने तिथे नवी फाइल उघडली गेली, 'दिवस पहिला'. आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे, पेशंटला पुरवठा करणाऱ्या नातेवाइकाने बारा रविवार वर्गाला बसायचं असतं. मी पहिल्या रांगेत बसते. फाटकावरच्या पाटीवर आता 'रुग्णांसाठी'पुढे 'व घोड्यांसाठी' असं रंगवलं आहे. गणपत माझी पिशवी हुंगतो आणि मगच आत सोडतो.

परवाच्या रविवारी चंदनने मला लांबूनच ओळखलं. तडक माझ्याकडे आला, माझ्याकडे न बघता पिशवीत तोंड घातलं आणि आतला माझा चष्मा चाटून पाहिला.

मॅडमनी फाइलीत लिहिलं, 'ओढ अजून आहे. आजीला दूर बसवावे.'