जयरामभाऊंचा फ्लेक्स

जयरामभाऊंनी ठरवलं ते एवढंच, की कॉलनीच्या कोपऱ्यावर आपला एक फ्लेक्स लावायचा. गल्लीतल्या पोरांचे वाढदिवसाला लागतात, शर्यत जिंकली तर बैलाचाही लागतो. मग टीव्हीवर येणाऱ्या माणसानं काय घोडं मारलंय?

आणि भाऊ टीव्हीवर दुसऱ्यांदा येत होते. त्यांच्या तरुणपणी दूरदर्शनवर एक विज्ञानमालिका लागायची. तिच्यात टिनू नावाचा यंत्रमानव होता, पाढे म्हणणारा, पोरांना गोळ्या वाटणारा. त्या पत्र्याच्या खोक्यात घामाघूम होऊन उभे असायचे ते आपले जयरामभाऊ. (उंची कमी असण्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा.) पण चेहरा काही दिसला नाही. त्यामुळे सिन्नरचे साडू महेशराव दर भेटीत म्हणायचे, "खोक्यात कोण व्हतं, ते खोक्यालाच ठाऊक." जगानं मानलं नसतं तरी भाऊंना चाललं असतं, पण साडूनं मानावं ही त्यांची जन्माची इच्छा होती.

आता तीच मालिका नव्यानं येत होती. सगळीकडे अंधार, रक्त, आणि टिनू पाढे सोडून माणसं मारत सुटलेला. तिच्या दिग्दर्शिकेनं जुन्या टिनूला नाशिक रोडला हुडकून काढलं आणि मानाची भूमिका दिली: टिनूला घडवणारे थोर शास्त्रज्ञ.

"कथा सुरू होते तेव्हा तुम्ही गेलेले असता, काका," ती म्हणाली, "पण तुमचा फोटो प्रत्येक भागात भिंतीवर आहे."

प्रत्येक भागात, आणि तोही चेहऱ्यासकट. भाऊंचा ऊर भरून आला. शूटिंग म्हणून त्यांचा एक फोटो काढला, त्याला चंदनाचा हार घातला, आणि हारासकट त्याची प्रत त्यांना आठवण म्हणून पाठवली, तीही मुलीच्या मोबाइलवर, कारण भाऊंचा साधा, बटणांचा.

तोच फोटो भाऊंनी मुलीच्या, वेदिकाच्या, फोनवरून फ्लेक्सवाल्या ओवेसला धाडला. "मजकूर तूच घाल," त्यांनी सांगितलं. "कॉलनीचा अभिमान आहे, एवढं आलं पाहिजे." बोलताना अभिमानानं त्यांचा गळा दाटला होता. मुलीचा नंबर, हार घातलेला फोटो, दाटलेल्या गळ्यानं बोलणारं घरातलं कुणीतरी. ओवेस समजूतदार पोरगा, त्यानं जास्त काही विचारलं नाही. सकाळी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला: "कॉलनीचा अभिमान हरपला. भावपूर्ण श्रद्धांजली."

त्या वेळी वेदिका कामावर होती. भाऊ मोबाइल चार्जिंगला लावून, घराला कुलूप घालून, बायकोला, झुंबरबाईंना, घेऊन पेढे आणायला गेले होते. कुलूप बघून लोकांनी ताडलं की बॉडी अजून दवाखान्यातच आहे.

रिक्षातून उतरले तर अंगणात ही गर्दी. सिन्नरची जीपसुद्धा आलेली. भाऊंची छाती फुगली. एका फ्लेक्सवर एवढी माणसं? मग लोकांच्या पांढऱ्या टोप्या दिसल्या, मधोमध हात जोडून बोलणारे महेशराव दिसले, आणि सगळा उलगडा झाला.

"टिनूच्या खोक्यात आमचे भाऊच व्हते," महेशराव रुमालानं डोळे टिपत सांगत होते. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. आसा कलाकार उभ्या जिल्ह्यात नाय झाला."

झुंबरबाईंनी कोपरखळी मारली. "अहो, पुढं व्हा. सांगा की जिवंत आहे म्हणून."

"थांब जरा," भाऊ पुटपुटले. "त्यांचं होऊ दे."

शेजारच्या एका पाव्हण्यानं हळूच विचारलं, "तुम्ही नात्यातले का?"

"अगदी जवळचा," भाऊ म्हणाले आणि त्यांनीही डोळे पुसले. ते अश्रू मात्र खरे होते. आयुष्यात त्यांना स्वतःचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

शेवटी शेजारच्या निकितानं त्यांना पाहिलं आणि ती किंचाळली. मग खुलासे झाले, शिव्या झाल्या, आयुष्य वाढलं म्हणून सगळ्यांनी समाधान मानलं आणि पेढे वाटले गेले.

गर्दी पांगल्यावर भाऊ महेशरावांजवळ सरकले. "मग साडूभाऊ, खोक्यात मीच होतो, हे आज तुम्ही चारचौघांत कबूल केलंत."

महेशरावांनी तोंडातला पेढा सावकाश संपवला.

"भाऊ, माणूस गेला की चांगलंच बोलावं लागतं," ते म्हणाले. "आता तुम्ही जिवंत निघाले, त्याला मी काय करू?"